द्वारका ते गंगापूर रोड, चालत

काका, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी रडले नाही. मी फोन ठेवला आणि त्याच नंबरवर परत लावला. "भामरेकाकांच्या घरूनच बोलताय ना?" असं विचारलं. तुमच्या पुतण्याने बिचाऱ्याने सगळं दुसऱ्यांदा सांगितलं: जेवले, आडवे झाले, चहाला उठवायला गेलो तर उठले नाहीत. तेव्हा कुठे मी खुर्चीत बसले. कोणी काही सांगितलं की उलटा फोन करून खात्री करायची, ही माझी कामाची सवय. तुमच्या मरणाचीही मी पडताळणी केली.

तुम्हाला याचं नवल वाटलं नसतं. तुम्ही मला ओळखून होतात. मी तुम्हाला ओळखत होते का, हे मात्र मी गेले सतरा-अठरा दिवस स्वतःला विचारते आहे.

गेली कित्येक वर्षं मी हेच काम करते. लोक घरातून कुठे जातात, कशाने जातात, किती वेळ लागतो, हे दारोदार विचारून भरलेले फॉर्म माझ्या टेबलावर येतात आणि त्यातले घरी बसून भरलेले कोणते, ते मी हुडकते. शहराच्या वाहतूक आराखड्याचं काम आमच्या छोट्याशा ऑफिसला मिळालं, तेव्हा सर्व्हेसाठी माणसं हवी होती. नाशिककरांनी स्वतःच्या गाड्या कमी बाहेर काढाव्यात आणि बस, रिक्षा, सायकल, पायी चालणं यांची एकमेकांशी सांगड बसावी, असा तो आराखडा. तुम्ही एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. पांढरा शर्ट, वरच्या खिशात दोन पेनं. आल्या आल्या तुम्ही विचारलंत, "ताई, लोकांना तिकीट न देता नुसते प्रश्न विचारायचे, एवढंच ना?"

प्रशिक्षणाच्या दिवशी मी म्हटलं होतं, सरावासाठी माझाच फॉर्म भरा. बाकीचे एकमेकांकडे बघत बसले. तुम्ही खुर्ची ओढून समोर बसलात.

"काल सकाळी पहिल्यांदा कधी निघाल्या?"

"सहाला. चालायला गेले होते, जॉगिंग ट्रॅकवर."

"घरून ट्रॅकपर्यंत कशाने?"

मी जरा थांबले. "स्कूटरवर."

"अन् ऑफिसला?"

"बसने."

"कोणत्या नंबरच्या?"

मला सांगता आलं नाही. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मग स्कूटरच लिहितो."

सगळे हसले. मीही हसले, पण ते मला लागलं होतं. नंतर चहा पिताना तुम्ही समजूत घातल्यासारखं सांगितलंत, "लोकांना उद्याचं विचारू नये ताई. बस आली तर बसने जाऊ, सायकल घेऊ, सगळं म्हणतात. कालचं विचारायचं. कालचं सांगताना माणूस अडखळतो ना, तिथं थांबायचं." मी ते वाक्य पुढे कितीतरी जणांना माझं म्हणून सांगितलं आहे.

एकदा तुम्ही मला द्वारका चौकातून सिटी बसमध्ये बसवलंत. मी कित्येक वर्षांनी बसमध्ये चढत होते. तुम्हाला जागा मिळाली तरी तुम्ही बसला नाहीत, मधल्या दांड्याला पाठ टेकून उभे राहिलात आणि सवयीने म्हणालात, "चला, पुढे सरका, पुढे मोकळं हाय." लोक खरंच सरकले. गर्दीतून वाकून मला म्हणालात, "बाया बस आली की आधी पायरीकडे बघतात, किती उंच हाय ते, मग नंबरकडे. तुमच्या फॉर्ममध्ये पायरीचा रकाना नाय." मी तो रकाना घातला. त्या फॉर्ममध्ये मला अजूनही अभिमान वाटावा असं तेवढंच आहे.

मग तुमचे चाळीस फॉर्म आले.

द्वारकेच्या मागच्या वस्तीतले. चाळीसही घरांत कामाला जाणाऱ्या बाईची नोंद सारखी. घरून निघण्याची वेळ पावणेसहा. कुठे, तर गंगापूर रोड. कशाने, तर चालत. वेळ पन्नास मिनिटं. येताना पुन्हा चालत. चाळीस घरांत एकच वेळ, एकच वाट, एकच पेन. असे फॉर्म दिसले की माझ्या डोक्यात घंटा वाजते. मी त्यातल्या दहा घरी फोन लावले. चौघांनी उचलले, चौघेही पुरुष. चौघांनीही सांगितलं, आमच्या घरची बाई रिक्षाने जाते. एकजण तर भडकलाच. "पायी कशाला जाईल? रिक्षाला पैसे देतो मी. कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी तुम्हाला बोलावून घेतलं. दार लावून घेतलं, एवढं तरी मी केलं.

"काका, हे फॉर्म तुम्ही घरोघर जाऊन भरलेत?"

"घरोघर नाय. रस्त्यात भरले. त्या एकत्र जातात."

"चाळीसजणी?"

"मागेपुढे. पण एकत्रच."

"मी घरी फोन केले होते. नवरे म्हणतात, रिक्षाने जातात."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुमचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, सापडला. तुम्ही फक्त विचारलंत, "फोन केले? कोणाकोणाकडे?"

"ते महत्त्वाचं नाही. खरं काय ते सांगा."

"फॉर्ममध्ये हाय ते खरं शे, ताई."

तुमच्या नामपूर गावची, 'आहे'ला 'शे' म्हणणारी बोली तुमच्या तोंडी अशी मध्येच यायची, मनात गडबड झाली की. मी तिचाही अर्थ 'पकडला गेला' असाच काढला. पुढे मी काहीबाही विचारत राहिले आणि तुम्ही गप्प बसून राहिलात. मी चाळीसही फॉर्म बाद केले. तुम्हाला सर्व्हेसाठी पुढचा भाग दिला नाही, तुमचं काम तिथेच बंद.

आता एक गोष्ट सांगते, जी मी तुम्हाला कधी सांगितली नाही. त्यानंतर तीन दिवसांनी मी पहाटे उठून स्कूटरवर द्वारकेला आले होते. मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. खरं सांगायचं तर मला तुम्ही खोटे निघायला हवे होतात. चौकाच्या अलीकडच्या चहाच्या टपरीवर मी साडेपाचपासून सव्वासहापर्यंत थांबले. ट्रक गेले, रिक्षा गेल्या, फुलांच्या पाट्या घेतलेली माणसं गेली. घोळक्याने चालणारी एकही बाई दिसली नाही. माझी खात्री पटली. परत जाताना मला हलकं वाटत होतं, काका. कोणाला तरी खोटं ठरवल्यावर वाटतं तसं हलकं.

पुढे तुम्ही एकदाच भेटलात, ऑफिसच्या जिन्यात. कसला तरी कागद न्यायला आला होतात. म्हणालात, "ताई, एकदा सकाळी या आमच्याकडे." मी म्हटलं, "बघू." मनात म्हणत होते, येऊन गेले मी. तुमच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्याचाही मला संशय आला.

आराखडा मंजुरीला गेला. त्या वस्तीतून पहाटे कोणी बाहेर पडतच नाही असं आमच्या आकड्यांनी सांगितलं, म्हणून तिथली पहिली बस सातची सुचवली गेली. गंगापूर रोडसाठी मात्र सायकलची वेगळी वाट, नवे थांबे, सगळं. तिथल्या फॉर्ममध्ये घराघरातून एकच उत्तर होतं: चांगली बस आली तर आम्ही गाडी घरी ठेवू. तेही सारखंच उत्तर होतं की. ते फॉर्म भरणारा दुसरा होता, बोलायला चटपटीत. मी त्यातला एकही फोन लावला नाही. मी स्वतः तिथे राहते. ती माणसं माझ्यासारखी बोलतात.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी मी तुमच्या घरी आले. काकूंना मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी मला पाणी दिलं, समोर बसल्या, आणि लोक जरा पांगल्यावर हळू आवाजात विचारलं, "ताई, तुमच्या ऑफिसचं काम यांचं कधी बंद झालं?"

"पाच-सहा महिने झाले, काकू."

त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "मला सांगायचे, ऑफिसचं काम हाय. रोज पाचला उठून जायचे. सातला, साडेसातला घरी. एकदा मी शर्टाचा वास घेऊन बघितला. या वयात मी असं करावं का? पण केलं." त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. "आता कोणाला विचारू?"

तेवढ्यात दारात सहा बायका येऊन उभ्या राहिल्या. कामावरून थेट आल्या होत्या, खांद्याला पिशव्या, पायांवर धूळ. काकूंनी त्यांच्याकडे जसं बघितलं तसं मी आजवर कोणाला कोणाकडे बघताना पाहिलेलं नाही. बसा म्हटलं नाही. त्यांच्यातली पुढची, मंदाबाई, आपणहून उंबऱ्याच्या आत आली आणि काकूंच्या पायाशी बसली.

"काकू, काका आमच्याबरोबर चालायचे. सकाळी. आम्ही गंगापूर रोडला भांडी-पोळ्यांना जातो. अंधार असतो, म्हणून ते पुढं राहायचे. पहिल्यांदा आले ते त्या सर्व्हेचं विचारायला. मग येतच राहिले."

"अन् मला का नाय सांगितलं?" काकूंनी विचारलं.

"आम्हीच शपथ घातली होती. कुणालाच सांगायचं नाय म्हणून. घरी आम्ही रिक्षा सांगतो. पायी जातो म्हटलं तर नवरा म्हणतो, माझी बायको पायी फिरते, लोक काय म्हणतील. त्यापेक्षा कामच सोड. शेअर रिक्षात मागं चौघी, पुढं ड्रायव्हरला चिकटून एक, ते आम्हाला नको वाटतं. अन् भाड्याचे चार पैसे आपल्या हातात राहतात. दुसरं काय." मग तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "सर्व्हेच्या ऑफिसातल्या कुण्या बाईने घरी फोन केला होता. आमच्या ह्यांनी उचलला. मला आठ दिवस घरी बसवलं. एक काम गेलं त्यात. काका रोज गल्लीच्या तोंडाशी येऊन विचारायचे, मंदा आली का. त्यांनीच दोनदा आमच्या ह्यांची गाठ घेतली, ऑफिसातली चूक झाली म्हणून सांगितलं. मग सोडलं."

मी भिंतीला टेकून बसले होते. काकूंनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि त्या समजल्या. उठून त्या सहाजणींसाठी चहा ठेवला.

निघताना काकूंनी तुमची एक छोटी डायरी माझ्या हातात ठेवली. "मला वाचून दाखवा, काय लिहिलंय ते. मी आतापर्यंत उघडली नाय." आम्ही दोघी खाटेवर बसलो. कंडक्टरची डायरी, दुसरं काय असणार. रोजची तारीख, निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, किती जणी. कधी "पाऊस, पाच मिनिटं जास्त". कधी "कुत्री". कधी "सुमनला ताप, तरी आली". काकू एकेका ओळीला मान हलवत होत्या, जणू जमाखर्च नव्हे, तुमची शपथेवरची जबानी ऐकत होत्या. मग ते पान आलं. मी ते मोठ्याने वाचायला लागले आणि मध्येच थांबले. काकू म्हणाल्या, "वाचा."

"ताई टपरीवर. स्कूटर. बाया घाबरल्या, फोनवाली बाई हीच का, म्हणाल्या. चौकातून न नेता आतून नेल्या. ताईंशी बोललो नाय."

तुम्ही मला बघितलं होतं, काका. तुमच्याकडे पुरावा होता, माझ्यापासून शंभर पावलांवर, स्वतःच्या पायांनी चालत येणारा. तुम्ही एक हाक मारली असती तर तुमची नोकरी राहिली असती, चाळीस फॉर्म राहिले असते. तुम्ही त्यांना गल्लीत वळवलंत आणि मला खोट्या खात्रीसकट घरी जाऊ दिलंत. का? मी पुन्हा फोन करीन असं वाटलं? केले असते मी. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला नाहीत आणि तुमचं बरोबर होतं, हे मला सगळ्यात जास्त सोसत नाही. त्यानंतर जिन्यात "एकदा सकाळी या" म्हणालात, ते मग कशासाठी? बायांना विचारून आला होतात का? त्यांनी हो म्हटलं होतं का? हे आता मला कोण सांगणार?

आणि एक भांडण आहे. डायरीत मागच्या पानावर एक ओळ आहे: "अकरा जणी बोलल्या नाय. मागून चालत होत्या. बघून भरले." म्हणजे चाळीसमधले अकरा फॉर्म तुम्ही न विचारता भरले. माझा संशय अगदीच हवेतला नव्हता. बाईला न विचारता तिचा फॉर्म भरायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही असतात तर मी टेबलावर हात आपटून सांगितलं असतं, की काका, खऱ्या एकोणतीसांच्या जिवावर हे अकरा कशाला खपवलेत? तुम्ही म्हणाला असतात, चालत होत्या ना ताई? मग? आणि आपण अर्धा तास वाद घातला असता. मला तो वाद हवा होता. तो तुम्ही माझ्याकडून घेऊन गेलात.

तुमचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहाटे त्या वस्तीत गेले. स्कूटर घरी ठेवली होती. इतक्या लवकर बस नव्हतीच. रिक्षा करावी लागली. बायका मला बघून थबकल्या. एकजण उलटी फिरून घरात गेली. मी मंदाबाईंना म्हटलं, "तो फोन मी केला होता."

"माहीत हाय," त्या म्हणाल्या. "काकांनी सांगितलं होतं. म्हणाले, ती बाई वाईट नाय, पण तिला घाई असते."

पहिल्या दिवशी कोणी माझ्याशी बोललं नाही. मी मागून चालत राहिले. दुसऱ्या दिवशीही तसंच. गंगापूर रोडला, माझ्या घरासमोरून, जॉगिंग ट्रॅककडे निघालेल्या गाड्यांच्या बाजूने आम्ही चाललो. पन्नास मिनिटं नाही लागली, काका. मला पंचावन्न लागली. माझ्यामुळे त्या मागे पडल्या. माझ्या शेजारच्या इमारतीतल्या एका बाईने मला ओळखून गाडीची काच खाली केली. "अगं, गाडी बंद पडली का तुझी?" मी नाही म्हटलं. तिने माझ्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि काच वर केली.

तिसऱ्या दिवशी मंदाबाई माझ्या बरोबरीने चालायला लागल्या. मी पिशवीतून फॉर्म काढला. चालता चालताच विचारलं, "काल तुम्ही कामावर कशाने गेलात?"

"रिक्षाने," त्या म्हणाल्या.

त्या समोर बघत झपझप चालत होत्या.

"नाव लिहिणार नाही, बाई. फोन नंबरही नाही."

"तरी मी रिक्षाच सांगणार. मला विचारलं तर मी रिक्षाच सांगितलं पाहिजे. तुम्हाला डोळे हायेत ना? तुम्हाला दिसतंय ते तुम्ही लिहा."

मी 'चालत'वर खूण केली. नावाची जागा मोकळी ठेवली, नंबरची मोकळी ठेवली, आणि फॉर्म भरणाऱ्याच्या जागी स्वतःची सही केली. मी खरा फॉर्म भरला की खोटा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या दिवशी तसे बारा भरले.

काल मी ते आमच्या ऑफिसच्या मुख्य सरांसमोर ठेवले, तुमच्या डायरीतल्या वेळांची नक्कल जोडून. काकूंनी नक्कल करू दिली. डायरी दिली नाही. सरांनी पानं उलटली. "नंबर नाहीत. वेळ सगळ्यांची एकच. हे तू पाठवतेस?"

"हो."

"उलटे फोन केलेस?"

"नाही. यांच्या घरी फोन करायचा नाही."

त्यांनी फॉर्म बाजूला सरकवले. दार मात्र त्यांनी लावलं नव्हतं; बाहेर सगळ्यांना ऐकू जात होतं. मी समजावून सांगायला गेले आणि लक्षात आलं, की सगळं सांगायचं तर मंदाबाईंचं घर सांगावं लागेल. मग मी गप्प बसले. आराखड्याला पुरवणी जोडता येते, अजून मुदत आहे. पण या फॉर्मची जबाबदारी कोण घेणार, असं ते म्हणाले. मी म्हटलं, मी. त्यावर ते "बघू" म्हणाले.

फॉर्म त्यांच्या टेबलावर आहेत. उद्या पावणेसहाला मी पुन्हा जाणार आहे. काकू म्हणाल्या, त्याही येतात. तुम्ही रोज कुठून कुठे जायचात ते त्यांना एकदा बघायचंय.